एफ कॉर्डवरून झालेला वाद

आमच्या घरात गिटार वाजवणारी माणसं दोन, आणि दोघांचंही एकमेकांच्या शिकण्याबद्दलचं मत फारसं बरं नाही. माझा धाकटा भाऊ ऐंशीच्या दशकात गिरगावातल्या चाळीत कॅसेट ऐकून शिकला. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रांमध्ये वर्षानुवर्षं रिदम वाजवला, पण कुठल्या सरांसमोर कधी बसला नाही. माझी मुलगी आधी यूट्यूबवर शिकली, मग क्लासला जाऊ लागली आणि आता ग्रेडची परीक्षा द्यायची म्हणते. मला स्वतःला कुठलंच वाद्य येत नाही. क्लासची फी मी भरते, एवढाच माझा या विषयाशी संबंध. वादही फीवरूनच सुरू झाला, म्हणून मी जरा कान देऊन ऐकला.

मामा: ताई, तू पैसे नेमके कशाचे देतेस ते तरी विचारलंस का? सर जे शिकवतात ते सगळं नेटवर फुकट पडलंय. जस्टिन सँडरको म्हणून एक ऑस्ट्रेलियन आहे, तो कित्येक वर्षं अख्खा अभ्यासक्रम फुकट देतोय. पहिल्या कॉर्डपासून पुढचं सगळं. आम्हाला एक कॉर्ड कळायला चार जणांच्या मागे फिरावं लागायचं.

भाची: फिरायचास ना? मग ‘मी स्वतः शिकलो’ असं का सांगत सुटतोस?

मामा: अगं, फिरायचो ते विचारायला. शिकायचो घरी. कॅसेट थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा लावायची, टेप घासून पातळ होईपर्यंत. शेजारच्या काकांकडे रेकॉर्ड प्लेयर होता, त्याला वेगाचे चार खटके: 16, 33, 45, 78. तेहतीसची एलपी सोळावर लावली की गाणं निम्म्या वेगाने चालायचं आणि सूर एक सप्तक खाली उतरायचा. गायिकेचा आवाज म्हशीसारखा यायचा, पण लीडचा एकेक स्वर सुटा ऐकू यायचा. ‘दम मारो दम’मध्ये जी गिटार आहे ना, ती भूपिंदर सिंग यांची. लोकांना ते गायक म्हणून ठाऊक, मला आधी गिटारवाले म्हणून. ती मी तशीच उतरवली. कुणी बोट धरून दाखवली नाही.

भाची: मीही तशीच सुरुवात केली. फरक इतकाच की आता वेग निम्मा केला तरी सूर खाली येत नाही. ॲप आहे, लूप आहे, टॅब आहे. पहिल्या काही महिन्यांत मला आठ-दहा गाणी यायला लागली. मग एफ आला.

इथे न वाजवणाऱ्यांसाठी सांगते, कारण मलाही हे विचारूनच कळलं. गिटारवरच्या सोप्या कॉर्डमध्ये दोन-तीन बोटं ठेवायची असतात आणि काही तारा मोकळ्या वाजतात. एफमध्ये पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर आडवं टाकून सगळ्या सहा तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी वर आकार धरायचा. आणलेल्या गिटारी कपाटावर जातात त्या बहुतेक याच ठिकाणी.

मामा: एफ सगळ्यांनाच नडतो. जोर लावायचा, घट्टे पडेपर्यंत. आम्ही तेच केलं.

भाची: मीही जोरच लावला! व्हिडिओत तो माणूस म्हणतो, सराव करा, येईल. मी करत राहिले आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. मनगट इतकं आत वळवलेलं की लिहितानाही कळ यायची. पहिल्याच दिवशी सरांनी माझा हात बघितला आणि म्हणाले, चिमटा काढू नकोस. कोपर अंगाजवळ आण, हाताचं वजन मागे ओढू दे, पहिलं बोट सपाट ठेवू नकोस, त्याच्या कडेवर जरा वळव, फ्रेटच्या अगदी लगत. मग माझी गिटार हातात घेऊन वाजवून पाहिली आणि हसले. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उंच होत्या. पहिल्या फ्रेटपाशी तारा लाकडापासून इतक्या वर की तिथे बार धरायला त्यांनाही जोर लागत होता. म्हणाले, हाच आकार पाचव्या फ्रेटवर धर. धरला, आणि वाजला. तो ए मेजर होता, पण आकार तोच. मग नट घासून घेतला. मामा, जगातल्या कुठल्या व्हिडिओने माझी गिटार हातात घेऊन बघितली असती?

भाऊ यावर काही बोलला नाही. चहा पीत राहिला. मला वाटलं, संपला वाद. पण तो फक्त दुसरीकडून येणार होता.

मामा: बरं, हाताचं मान्य. हात दुसऱ्याने बघावा. पण कान? तुझ्या क्लासातली ती पोरं, ग्रेड तीन, ग्रेड चार. मागच्या गणपतीत आरतीला त्यातल्या एकाला म्हटलं, जरा कॉर्ड दे. विचारतो, नोट्स कुठे आहेत? काका काळी दोनमध्ये गात होते. गळ्यात एवढी महाग गिटार, आणि काळी दोन म्हणजे कुठला फ्रेट ते सांगता येईना.

भाची: त्याला डी शार्प म्हटलं असतंस तर कळलं असतं.

मामा: आणि आरतीत डी शार्प कोण म्हणणार? मी माझी गिटार कशी लावायला शिकलो माहीत आहे? मंडळाच्या हार्मोनियमवर. सहावी तार पांढरी तीन. पाचवी पांढरी सहा. मग पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि शेवटची पुन्हा पांढरी तीन. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, मी शोधून काढलं. सहावीवर सा धर, पाचवी मध्यम. पाचवीवर सा, चौथी मध्यम. चौथी-तिसरीचंही तेच. फक्त तिसरीवर सा धरलास तर दुसरी गंधार निघते. तिथे गिटार बनवणाऱ्याने वाकडी वाट का घेतली, याचा मी किती विचार केला असेन!

भाची: आणि ती दुसरी तार तुझ्याकडे कधी लागली का? आई, याच्या गिटारचं काय होतं ते याने मलाच सांगितलंय. सांग ना, मामा.

मामा: सांगतो की, त्यात काय! चाळीत आमच्या खाली गाण्याची शिकवणी चालायची. तंबोरा सतत कानावर. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटतो तो गंधार माझ्या डोक्यात बसलेला. हार्मोनियम मंडळाचा, तो गणपतीपुरता. एरवी मी तिसरीवर सा धरून दुसरी कानाने लावायचो, अगदी गोड. जी कॉर्ड वाजवली की वाटायचं, स्वर्ग. ई कॉर्ड वाजवली की तीच तार रडायची. मी तारा बदलल्या, खुंट्या बदलल्या, शेवटी दुकानदाराशी भांडलो की गिटारच खोटी आहे.

भाची: गिटार खरी होती. तंबोऱ्यातला गंधार गिटारच्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंट खाली असतो. एका फ्रेटचे 100 सेंट धर, म्हणजे एका फ्रेटच्या सातव्या हिश्शाएवढा. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले. त्यामुळे दुसरी तार तिसरीला गोड लावलीस की ई कॉर्डमध्ये ती पंचम म्हणून वाजताना तेवढीच खाली राहणार. कुणाही सरांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं.

मामा: सांगितलं असतं. पण मी तो फरक ऐकला, हे तू विसरतेस. तुझ्या त्या ग्रेडवाल्या पोराच्या गिटारला ट्यूनर चिकटवलेला असतो. हिरवा दिवा लागला की त्याच्या मते तार लागली. दिवा बंद पडला तर पोरगं बहिरं.

हा मुद्दा मला बिनतोड वाटला, आणि अजूनही वाटतो. चुकीचं कारण धरून का होईना, माझ्या भावाच्या कानाने सुराची एक जुनी भानगड स्वतःहून पकडली होती. तंबोऱ्यावर वाढलेल्या माणसाला हार्मोनियमचा गंधार टोचतो, ही तक्रार आपल्याकडे जुनीच आहे. हार्मोनियम गाण्याला लायक आहे की नाही यावर आपल्याकडे जन्मभराची भांडणं झालीत. गिटारवरही तोच गंधार आहे. पण म्हणून वाद भावाने जिंकला असं नाही. हाताला दुसऱ्याचे डोळे हवेत आणि कान ज्याचा त्याने तयार करावा, असा निकाल देऊन मी दोघांना जेवायला बसवणार होते. मुलीने ऐकलं नाही.

भाची: कानाने शिकलेला माणूस एकटा असेल तर ठीक. गोव्याचे लोक बघ. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वर नावाने गायला शिकवायचे, व्हायोलिन शिकवायचे, कागदावरचं वाचायला शिकवायचे. तीच माणसं मुंबईत येऊन सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनचे अरेंजर होते. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पन्नास वादक एका खोलीत, गाणं एका दमात रेकॉर्ड व्हायचं. तिथे कुणी ‘थांबा, मी कॅसेट मागे घेतो’ म्हणाला असता तर? कागद वाचता येणं ही त्यांची भाकरी होती. सोल्फेज तुझ्या कॅसेटमधून येत नाही.

मामा: मान्य. पण संगीतकार त्यांच्यासमोर गुणगुणायचा, कागद हातात द्यायचा नाही. ते ऐकून लिहायचे. कान आधी, कागद नंतर. तुझ्या परीक्षेत कागद आधी येतो.

भाची: परीक्षेत कानाची चाचणीही असते.

मामा: आणि ती तू घेणार आहेस?

भाची: ...ट्रिनिटीच्या परीक्षेत काही चाचण्यांमधून निवडायचं असतं. मी दुसऱ्या दोन घेतल्यात.

मामा: बघ!

मला हसू आलं, पण मुलगी चिडली आणि चिडली की ती वाचलेलं बाहेर काढते.

भाची: हसू नका. तुम्ही स्वयंशिक्षितांच्या ज्या गोष्टी सांगता ना, त्यातली एकही नीट तपासलेली नसते. सेगोव्हिया घ्या. क्लासिकल गिटार मैफिलीत आणणारा माणूस. स्वतःचा गुरू मीच आणि शिष्यही मीच, असं ते सांगायचे. पण बार्सिलोनात मिगेल योबेत यांच्याकडे जाऊन बसले, त्यांच्याकडून रचना घेतल्या. योबेत ताररेगाचे शिष्य. म्हणजे परंपरा आली की नाही दारातून? पॉल मॅकार्टनी सांगतात की लिव्हरपूलमध्ये कुणाला तरी बी सेव्हन कॉर्ड येते असं कळलं, म्हणून ते बस पकडून त्या अनोळखी माणसाच्या घरी गेले होते. जॅझ गिटारवाला जँगो राइनहार्ट जिप्सींच्या तळावर वाजवणाऱ्यांची बोटं बघून शिकला. आणि 1928 च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाल्यावर उरलेल्या दोन बोटांचं तंत्र त्याने स्वतः बसवलं, ते खरंच स्वतःचं. पण आधीचं सगळं माणसांतलं होतं.

मामा: आणि जॅझवाला वेस माँटगोमेरी? नोटेशन वाचता येत नव्हतं. चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड ऐकून एकेक सोलो उतरवला. घरात आवाज नको म्हणून पिक टाकून अंगठ्याने वाजवायला लागला आणि तो अंगठ्याचा मऊ आवाजच त्याची ओळख झाली. सर असते तर पहिल्या दिवशी म्हणाले असते, पिक धर.

भाची: माझे सर म्हणाले नसते.

मामा: तुझे सर म्हणाले नसते. क्लासातल्या बाकीच्या दहा सरांपैकी नऊ म्हणाले असते.

हे मात्र मी स्वतः पाहिलंय. मुलगी ज्या पहिल्या क्लासला गेली, तिथे ओळींत मुलं बसायची, सर पुढे एकच स्ट्रमिंग वाजवायचे आणि मागच्या रांगेतली मुलं हवेत हात हलवायची. हात चुकला की बरोबर आहे, कुणी बघत नव्हतं. तिथल्यापेक्षा यूट्यूब बरं, कारण यूट्यूब निदान पुन्हा लावता येतं. आणि ‘घरी बसून शिकणं हा आजकालचा उतावळेपणा’ म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं, असं मी मोठ्यानेच म्हटलं. 1536 मध्ये वालेन्सियात लुईस मिलान यांचं ‘एल माएस्त्रो’ हे विहुएलाचं पुस्तक छापून आलं. विहुएला हे गिटारच्या घराण्यातलं जुनं वाद्य. ज्याने ते कधी हातात धरलं नाही त्याच्यासाठी सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या रचना, आणि त्या लिहिल्या टॅबमध्ये, म्हणजे कुठल्या तारेवर कितवा फ्रेट ते सांगून. आजची मुलं ज्या टॅबवरून शिकतात म्हणून त्यांना नावं ठेवतात, ती पद्धत पाचशे वर्षांची आहे.

मामा: ऐकलंस? पाचशे वर्षं लोक घरी बसून शिकतायत.

भाची: आई, तू त्याच्या बाजूने बोलू नकोस. नेटवरच्या बहुतेक टॅबमध्ये फ्रेट असतो, पण ताल नसतो. कुठला स्वर किती वेळ धरायचा ते आधी गाणं ऐकलेलं असेल तरच कळतं.

मामा: म्हणजे पुन्हा कानच!

भाची: बरं, कान. मग तुझ्या कानाच्या बाजूने आपल्याकडची गोष्ट मीच देते. गोविंदराव टेंबे हार्मोनियम बहुतांशी आपली आपण शिकले. पण कुठे? कोल्हापूरच्या देवल क्लबात. जिथे रोज गाणं, तिथे बसून. अल्लादियाँ खाँकडे कधी तालीम घेतली नाही, पण गुरू मानायचे त्यांनाच. खोलीत दार लावून नाही शिकले. तुझ्याकडे चाळ होती, ऑर्केस्ट्रा होता, चुकलास की मागे वळून बघणारा ढोलकीवाला होता. माझ्याकडे काय आहे? हेडफोन.

भाऊ पहिल्यांदाच लगेच बोलला नाही. ऑर्केस्ट्रातला तो ढोलकीवाला खरा आहे, मीही ओळखते. लय ओढली की तो कार्यक्रम संपल्यावर नाही, तिथल्या तिथे स्टेजवर डोळे वटारायचा. माझ्या भावाने सरांना एक पैसा दिला नाही, पण दर कार्यक्रमाला कुणी ना कुणी त्याला ऐकत होतं आणि तोंडावर सांगत होतं. माझ्या मुलीने सहा महिने रोज वाजवलं आणि तिचं वाजवणं एकाही माणसाने ऐकलं नव्हतं. व्हिडिओतला माणूस बोलतो खूप, ऐकत नाही. ॲपमधला ट्यूनर ऐकतो, पण एका वेळी एकच स्वर. मग मला कळलं की मी फी कशाची भरते. ती शिकवण्याची नाही, ऐकण्याची आहे. रांगेत बसवणाऱ्या क्लासात मी तेवढीच फी भरत होते आणि ऐकत कुणीच नव्हतं.

मामा: तरी माझा एक मुद्दा राहिलाय. गुरू असला तरी सगळं देत नाही. ब्रिजभूषण काब्रा घे. मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती स्लाइड गिटार. शिकले कुणाकडे? अली अकबर खाँकडे. ते तर सरोदवाले! गुरूला स्वतःलाच गिटार येत नव्हती. मग लोखंडी कांब तारेवर कशी सरकवायची, आवाज किती टिकवायचा, हे कुणी शिकवलं असेल? स्वतःच शोधलं. आणि 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या एलपीत शिवकुमार आणि हरिप्रसाद यांच्या शेजारी ती गिटार बसली.

भाची: म्हणजे तुझं सगळंच उलटं झालं ना! तू मघाशी म्हणालास हात दुसऱ्याने बघावा, कान आपला. काब्रांचा हात त्यांचा स्वतःचा, आणि कान गुरूचा.

मामा: ...खरंच की.

भाची: म्हणजे गिटार न येणाऱ्या माणसालाही गिटारचा गुरू होता येतं. त्याला ऐकता यायला हवं.

तिने हे बोलताना माझ्याकडे पाहिलं आणि मी लगेच सांगून टाकलं की मला सा आणि पंचम यातला फरकही सांगता येत नाही, माझ्यावर भार टाकू नका. फीचं काय करायचं तेवढं बोला.

भाची: माझं म्हणणं असं. सरांकडे दर आठवड्याऐवजी एका आड एक आठवडा जायचं. तासभर, एकटीनेच. सरांना चालेल, मी विचारलंय. परीक्षा या वर्षी नको.

मामा: ती का नको? आता मीच म्हणतो दे. साइट रीडिंग शीक, गोव्याच्या लोकांसारखं. आणि कानाची चाचणी घे.

भाची: ती घेतली तर पुढच्या वर्षी. मधल्या आठवड्यात मी एक गाणं कानाने बसवून तुझ्याकडे आणणार, टॅब न बघता.

मामा: गाणं मी सांगणार. तुझ्या आवडीची गाणी चार कॉर्डवर चालतात, त्यात काय ऐकायचं?

भाची: गाणं मी निवडणार. तुला फक्त ढोलकीवाल्यासारखं बघायचंय.

मामा: मग माझी फी?

भाची: तुझी दुसरी तार मी लावून देईन.

मामा: तिला हात लावायचा नाही. एवढी वर्षं वाजवतोय मी तिच्यावर.